कपाटातला सूट

पोखरण रोडवरच्या जेकेग्राममध्ये आज निवासी टॉवर उभे राहत आहेत. त्या जागी १९२५ पासून रेमंडची लोकरीची गिरणी होती. सुरुवातीच्या काळात तिथून मुख्यतः जाडीभरडी ब्लँकेटं निघत. १९४४ मध्ये गिरणी ससून कंपनीकडून सिंघानियांकडे आली, कापडाचा पोत सुधारत गेला, आणि १९५८ मध्ये मुंबईत बॅलार्ड इस्टेटला कंपनीचं पहिलं स्वतःचं दुकान उघडलं. पुढच्या दोन-तीन पिढ्या नवरदेवाच्या सुटाचं कापड म्हटलं की ठाण्याच्या या गिरणीचं नाव घेत राहिल्या. २००९ मध्ये ती बंद झाली. कापड आता वापी, छिंदवाड्यासारख्या ठिकाणी विणलं जातं.

ज्या गावात हे कापड विणलं जायचं, त्या गावची हवा मात्र त्याला कधीच मानवणारी नव्हती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला उल्हास नदी, आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. डोंबिवली-कल्याणच्या घरांत कपाटाच्या एका टोकाला जो सूट टांगलेला असतो, तो वर्षातून चार-पाच वेळा बाहेर येतो. इतक्या वापराने कापड झिजत नाही. तो सूट खराब होतो ते पडून राहिल्यामुळे, आणि म्हणून सुटाची निगा राखायची तर अंगावरच्या चार तासांपेक्षा कपाटातल्या अकरा महिन्यांचा विचार आधी करायला हवा. परदेशी पुस्तकांत सुटाविषयी जे सल्ले असतात, ते थंड आणि कोरड्या हवेतल्या, रोज सूट घालणाऱ्या माणसासाठी लिहिलेले असतात. ते आपल्याकडे अर्धेच लागू पडतात.

लोकर म्हणजे केस. आपल्या नखा-केसांत असतं तेच केराटिन प्रथिन तिच्यात असतं. तंतूचा बाहेरचा थर बारीक खवल्यांचा असतो आणि पाण्याचे थेंब काही काळ बाहेर थोपवतो. पण हवेतली वाफ आत शिरते आणि तंतूच्या पोटात मुरते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश इतकी वाफ पिऊ शकते, आणि हाताला ती ओली लागतसुद्धा नाही. हिशेब करून पाहा: कोटात सहाशे ग्रॅम लोकर धरली, तर डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी तिच्यात जेवढं पाणी असतं त्यापेक्षा जुलैत सत्तर-ऐंशी ग्रॅम जास्त असतं. म्हणजे अर्धी वाटी पाणी कपाटात टांगून ठेवल्यासारखंच झालं. हवा खेळती असेल तर हे पाणी येतं तसं जातं, आणि लोकरीचं काही बिघडत नाही. दार बंद, कपडे एकमेकांना चिकटलेले, मागची भिंत गार, अशा ठिकाणी ते जात नाही. कपडा सर्दावतो, आधी कुबट वास येतो, मग कॉलरच्या आतल्या बाजूला आणि काखेत पांढरट ठिपके दिसतात. ही बुरशी. तिला वाढायला दमट हवा आणि थोडं खाद्य लागतं, आणि घामाने माखलेल्या अस्तरात ते तिला आयतं मिळतं.

आपल्याकडच्या धनगरांना लोकरीचा हा स्वभाव पक्का ठाऊक आहे. घोंगडी ऊठसूट धुतली जात नाही. ती झटकतात, ऊन दाखवतात आणि पुन्हा वापरतात. दख्खनी मेंढीची ती राठ लोकर आणि ऑस्ट्रेलियातून येणारी सुटाची मऊ मेरिनो यांत पोताचा कितीही फरक असला, तरी धर्म एकच. दोघींनाही पाण्यापेक्षा वाऱ्याने स्वच्छ राहायला आवडतं.

आता आपल्या सुटाचं वर्षभराचं वेळापत्रक पाहू, कारण घोळ तिथेच आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हा हवा चांगली असते. पण सुटाचा खरा वापर एप्रिल-मेमध्ये. १४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांमधून निघणाऱ्या मिरवणुकांत पांढरा शर्ट, लाल टाय आणि निळा सूट घातलेली तरुण मुलं, लहान पोरं, वयस्कर माणसं दिसतात. बाबासाहेबांच्या सुटाने आंबेडकरी समाजाला ताठ मानेने उभं राहायला शिकवलं. तिथे सूट ही हौसेची वस्तू नाही, अभिमानाची आहे. त्यानंतर मेमधली लग्नं आणि हॉलमधली रिसेप्शनं. स्टेजवरचे दिवे, गर्दी, आणि अंगावर अस्तर लावलेला कोट. घामाने पाठ निथळत असते. रात्री घरी आल्यावर कोट हँगरला लागतो, हँगर कपाटात जातो, दार बंद होतं आणि पंधरा दिवसांत पाऊस सुरू होतो. वर्षातला सर्वांत घामेजलेला कपडा वर्षातल्या सर्वांत दमट चार महिन्यांसाठी आपण आपल्या हाताने कोंडून ठेवतो.

त्यामुळे ड्रायक्लीनिंग वर्षातून एकदाच करायचं असेल, तर ते मेच्या अखेरीस करावं. पापड-कुरडयांची वाळवणं आवरतात त्याच दिवसांत सुटाचीही सोय लावून टाकावी. बहुतेक लोक लग्न तोंडावर आलं की नोव्हेंबरात सूट लाँड्रीत टाकतात. तोवर पावसाळ्याने आपलं काम केलेलं असतं.

लाँड्रीतून सूट येतो तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत. ती पिशवी दुकानापासून घरापर्यंतच्या रस्त्यासाठी असते. घरी आल्यावर ती काढून टाकावी आणि सूट दिवसभर पंख्याखाली मोकळा टांगावा, म्हणजे द्रावकाचा राहिलेला वास निघून जाईल. मग जुन्या सुती चादरीचा किंवा धोतराचा अभ्रा शिवून त्यात तो ठेवावा. सुती कापडातून हवा जाते आणि धूळ अडते. प्लास्टिकमध्ये ओल आत अडकते.

कपाट कुठल्या भिंतीला आहे, हेही पाहावं. आपला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि इमारतीच्या पश्चिम-दक्षिण भिंती झोडपतो. त्या आतून गार आणि ओलसर राहतात. न्हाणीघराला लागून असलेली भिंतही तशीच. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीत बसवलेलं कपाट नेमकं अशाच जागी येतं, आणि ते हलवताही येत नाही. तिथे सूट आतल्या बाजूच्या कप्प्यात टांगावा, मागे बोटभर जागा सोडावी, आणि पावसाने उघडीप दिली की दार उघडून समोर पंखा लावावा. खोलीत एसी असेल तर अधूनमधून तासभर ड्राय मोडवर चालवून कपाट उघडं ठेवलं, तर बाजारातल्या कुठल्याही ओलशोषक डबीपेक्षा जास्त काम होतं.

दुसरा शत्रू म्हणजे कसर. आपल्या घरांच्या भिंतींवर, पंख्याच्या कोपऱ्यात, छताच्या कडेला करड्या रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची एक वस्तू चिकटलेली दिसते. लोक तिला कचरा समजून झाडतात. जवळ जाऊन दोन मिनिटं थांबलं, तर तिच्या एका टोकातून तपकिरी डोक्याची अळी बाहेर येते, पुढचे पाय टेकते आणि ती पिशवी ओढत निघते. धोका वाटला की आत शिरते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडते, कारण पिशवी दोन्हीकडून उघडी असते. धूळ, वाळूचे कण, सुतांचे तुकडे रेशमाने बांधून ती हे घर करते. कोळिष्टकं, गळलेले केस आणि लोकर हा तिचा आहार. लोकरी कपड्यांवर जगणाऱ्या पतंगांची हीच जातकुळी. केराटिन पचवणारे प्राणी जगात फार थोडे. या अळ्या त्यांतल्या. उडणारा पतंग बिचारा काही खात नाही, त्याला मारून कपडा वाचत नाही. खाणारी असते ती अळी, आणि ती अंधार, शांतता आणि मळ शोधते. स्वच्छ लोकरीपेक्षा घामाचे, जेवणाचे डाग असलेली जागा तिला आवडते. म्हणून भोकं पडतात ती कॉलरखाली, बाहीच्या तोंडाशी आणि पँटच्या पुढच्या भागावर.

यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे डांबराच्या गोळ्या. त्या नॅफ्थलिनच्या असतात. त्यांची वाफ अळ्यांना मारते, पण त्यासाठी ती घट्ट बंद जागेत साठावी लागते. रोज उघडझाप होणाऱ्या कपाटातल्या चार गोळ्यांनी फक्त वास येतो. आणि एक गोष्ट मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो: घरात तान्हं बाळ असेल, तर या गोळ्या घरात नकोत. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता काही बाळांत जन्मजात असते आणि ती आपल्या देशात दुर्मीळ नाही. अशा बाळाला नॅफ्थलिनच्या वासात ठेवलेल्या कपड्यात गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. लोकरीचा कोट त्यापुढे काहीच नाही. त्याऐवजी वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवावा. त्याने पतंग थोडा दूर राहतो, एवढीच अपेक्षा ठेवावी. खरा उपाय हालचाल हाच आहे. महिन्यातून एकदा सूट बाहेर काढा, उजेडात झटका, खिसे उलटे करा, कॉलर उचलून ब्रश फिरवा. अळीला उजेड आणि धक्का दोन्ही सहन होत नाहीत.

हा ब्रश विकत घ्या. सुटासाठी करण्यासारखा सर्वांत मोलाचा खर्च तोच. नैसर्गिक केसांचा, मऊ पण भरदार. सूट अंगावरून उतरवला की लगेच, कापडाचा कल जिकडे आहे तिकडे, खांद्यापासून खाली लांब हात मारावेत. धूळ दिसायला निरुपद्रवी असते, पण रस्त्यावरची धूळ म्हणजे दगडाचा बारीक चुरा. ती विणीत बसली की प्रत्येक हालचालीला तंतू कापत राहते. त्यानंतर खिसे रिकामे करावेत आणि कोट रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर बाहेरच, खोलीत, रात्रभर राहू द्यावा. तारेच्या हँगरवर खांद्याला कायमचे पोचे येतात. सुरकुत्या पडल्या असतील तर गरम पाण्याची बादली भरून दार लावलेल्या न्हाणीघरात कोट पंधरा-वीस मिनिटं टांगावा आणि मग पंख्याखाली वाळवावा. वाफेने लोकरीचे आतले बंध सैल होतात आणि वाळताना तंतू आपल्या मूळच्या वळणावर जातात. इस्त्रीची गरज निम्म्याने कमी होते.

आपल्या लग्नांतले डाग हा स्वतंत्र विषय आहे. अक्षता पडल्या की त्यांचं कुंकू खांद्यावर उतरतं. ते कोरडं असेपर्यंत नुसतं झटकून, ब्रश करून जवळजवळ पूर्ण जातं. घाईघाईने ओला रुमाल फिरवला की रंग लोकरीत शिरतो, आणि लोकर रंग धरण्यात पटाईत असते. हळदीचा, म्हणजे रश्शाचा, डाग पडला तर कागदी रुमालाने वरचं तेल टिपून घ्यावं, घासू नये, आणि साबण तर मुळीच लावू नये. साबणाच्या अल्कलीने हळद लाल होते, आणि अल्कली लोकरीलाही मानवत नाही. लाँड्रीत देताना तो डाग बोट ठेवून दाखवावा आणि कशाचा आहे ते सांगावं. तेलाचा डाग आणि सरबताचा डाग काढायची पद्धत वेगळी असते. लाँड्रीवाल्याला न सांगितलेला डाग उष्णतेने पक्का होऊ शकतो.

ड्रायक्लीनिंगमध्ये कपडा कोरडा राहत नाही. तो भिजतो, पण पाण्याऐवजी पेट्रोलियमपासून काढलेल्या किंवा क्लोरिन असलेल्या द्रावकात. तेल, चिकटपणा त्यात विरघळतो. लोकर फुगत नाही, त्यामुळे आटत नाही. या धंद्याच्या आरंभी एक शिंपीच आहे. न्यूयॉर्कचे थॉमस जेनिंग्ज यांना १८२१ मध्ये कपडे कोरडे स्वच्छ करण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळालं. पेटंट मिळवणारे ते पहिले आफ्रिकन अमेरिकन मानले जातात. गिऱ्हाइकांचे महागाचे कपडे मळून वाया जातात, हे बघून त्यांनी प्रयोग केले. मात्र द्रावकाने घामातलं मीठ नीट निघत नाही, कारण मीठ पाण्यात विरघळतं. त्यासाठी कोटाच्या काखेचं आणि पाठीचं अस्तर आधी ओल्या, पिळलेल्या सुती फडक्याने हलक्या हाताने टिपून वाळवावं. आणि दर वापरानंतर सूट ड्रायक्लीनला टाकू नये. प्रत्येक धुलाईत कापड थोडं कोरडं, निर्जीव होत जातं. शिवाय आत जे आहे तेही दुखावतं.

आत काय आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. कोटाच्या छातीचा घाट कापडामुळे येत नाही. कापड आणि अस्तर यांच्या मधल्या थरामुळे येतो. जुने कारागीर तिथे घोड्याच्या केसांचं कॅनव्हास हाताने, शेकडो सैल टाक्यांनी बसवत. आता बहुतेक कोटांत गोंदाचा थर असलेलं अस्तरण उष्णतेने चिकटवतात, त्याला फ्यूजिंग म्हणतात. आपला कोट कुठल्या जातीचा आहे हे ओळखायला खालच्या बटणापाशी कापड आणि अस्तर दोन चिमटींत धरून वेगळं ओढावं. मधे तिसरा, सुटा थर बोटांना जाणवला तर कॅनव्हास. वरचंच कापड जाड आणि ताठ लागलं तर फ्यूजिंग. फ्यूजिंगच्या कोटाला फार गरम इस्त्री आणि वारंवार ड्रायक्लीन, दोन्ही वर्ज्य. गोंद जागोजाग सुटतो, छातीवर आणि लॅपेलवर फुगे येतात. एकदा फुगे आले की ते नीट बसत नाहीत, कितीही दाबले तरी.

कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं कसब मोठं आहे, पण कोळशाची इस्त्री सुती शर्टासाठी. सूट द्यायचाच तर सोबत ओलसर मलमलचं फडकं द्यावं आणि कपड्यावर फडकं ठेवूनच इस्त्री फिरवायला सांगावं. थेट इस्त्रीने लोकरीचे तंतू चपटे होतात आणि कापड चमकू लागतं. टेरीवूलमधलं पॉलिस्टर तर वितळतं. ती चकाकी मग उतरत नाही. लॅपेलची घडी कधीही इस्त्रीने धारदार करू नये, ती गोल वळलेलीच छान दिसते.

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात किंवा कल्याण कोर्टात रोज काळा कोट घालणाऱ्या वकिलांचं गणित वेगळं. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाची सक्ती नसते, पण पावसाळ्यात सुटका नाही. त्यांनी दोन कोट ठेवावेत आणि आलटून पालटून घालावेत. एका दिवसाच्या विश्रांतीत ओल निघून जाते आणि कोपराला आलेले पोंगे बसतात. एकच कोट रोज घातला तर तो वर्षात जातो. दोन कोट मिळून तीन वर्षं सहज काढतात. आणि लोकलमध्ये कोट अंगात घालून चढू नये. तो उतरवावा, एक खांदा उलटा करून दुसऱ्या खांद्यात बसवावा म्हणजे अस्तर बाहेर येतं, मग पाठीच्या मधल्या शिवणीवर लांब घडी घालून हातावर घ्यावा. गर्दीचा घाम, तेल, पट्ट्यांची बकलं, सगळं अस्तरावर निभावतं. कापड आत सुरक्षित.

सुटात आधी मरते ती पँट. बसून, चालून, मांड्या घासून तिची सीट पातळ होते, आणि कोट नवाच्या नवा असताना सूट निकालात निघतो. शिवतानाच एका कोटावर दोन पँट शिवून घ्याव्यात. दोन्ही एकाच ताग्यातल्या हव्यात, नंतर घेतलेल्या कापडाची छटा जुळत नाही. मांड्यांच्या आतून अस्तराची पट्टी लावून घेतली तर आयुष्य आणखी वाढतं.

आणि एवढं करूनही भोक पडलंच, तर रफू. उत्तर प्रदेशात बिजनोर जिल्ह्यातल्या नजीबाबादचे रफूगार देशभर पसरले आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं हेच काम. चांगला रफूगार बाजारातला दोरा वापरत नाही. तो त्याच सुटाच्या आतल्या मार्जिनमधून एकेक धागा उसवून काढतो आणि भोकावर आडवे-उभे धागे मूळ विणीप्रमाणे पुन्हा विणतो. आत मार्जिन नसेल तर त्याचेही हात बांधलेले. म्हणून माप देताना शिंप्याशी काही गोष्टी बोलून घ्याव्यात: पँटच्या मागच्या शिवणीत निदान इंचभर कापड सोडा, मोहरीला दीड-दोन इंच आत दुमडा, कोटाच्या बाजूच्या शिवणीत थोडं ठेवा. वजन वाढतं, कंबर सुटते, सूट धाकट्या भावाकडे किंवा मुलाकडे जातो. प्रत्येक वेळी हेच कापड कामी येतं. कातरणही मागून घ्यावी, निदान तळहाताएवढा तुकडा, आणि सोबत दोन जादा बटणं. सगळं एका कागदी पाकिटात घालावं, त्यावर शिवल्याचं साल लिहावं आणि पाकीट सुटाच्याच अभ्र्याला आतून टाचणीने लावावं. दहा वर्षांनी रफूगारासमोर उभं राहिल्यावर ते शोधायला लागत नाही.